चार बोटांची जागा

माह्या जागी लोखंड उभं होतं. दोन कप चहा घेऊन मी माडीवरून दुकानात उतरली, रोजच्यासारखी, अन् खरादाच्या पलीकडे, मशीन अन् भिंत यांच्या मधात जी हातभर बोळकांडी आहे, जिथं मी लग्न होऊन आल्यापासून माह्याशिवाय कोणी उभं राहिलं नाही, तिथं पाहते तर एक लोखंडी कडं. त्याले आतून तीन चाकं, चाकांवर रबर, खाली पाय, अन् तो पाय मशीनच्या पट्ट्यावर नटबोल्टानं असा कसलेला की बैल लावला तरी हलू नये. नवा निळा रंग, वास अजून गेला नव्हता. माहा पोरगा हसनैन दालमिलमध्ये फिटर आहे; तो फडक्यानं हात पुसत उभा होता अन् मांडवातल्या नवरदेवाले पाहावं तसं त्या कड्याकडे पाहून राहिला होता. "हे कोणतं भूत आणून बसवलं रे?" मी विचारलं. "अम्मी, हे स्टेडी होय. लांब लाकडाले मधात टेका देते. आता तुले हात लावाची गरज नाही." गरज नाही. कप मी असा ठेवला की अर्धा चहा बशीत गेला. त्याचे अब्बा स्टुलावर बसून हत्याराले धार लावत होते, त्यांनी मान वर केली नाही. नवऱ्यानं मान वर केली नाही म्हणजे त्याले सगळं मालूम आहे, एवढं तर आता कळतेच.

खराद म्हणजे काय हे अकोल्याच्या जुन्या शहरात कोणाले सांगावं लागत नाही. पण अमरावतीचे माहे माहेरचे अजून म्हणतात, सईदाले सुतार दिला. सुतार नव्हे. लाकूड दोन टोकांना टोचून गरगर फिरवायचं, फिरत्या लाकडाले हत्यार लावून गोल करायचं, त्यावर उठावाची वळी काढायची, तिले आमी कंगन म्हणतो. लाटणं, पाळण्याचे गज, पाटाचे पाय याले एक माणूस पुरते. पण माणसाच्या उंचीचा अन् मनगटाएवढा बारीक खांब असला की दोन टोकांवर धरलेलं लाकूड मधात बिथरते. हत्यार लागलं की मागं पळते, थरथरते, अन् अंगावर नांगरलेल्या वावरासारखे तास उठतात. मंग पलीकडून कोणीतरी उघडा तळहात लावून उभं राहावं लागते. फडकं चालत नाही, फडकं लाकूड ओढून घेते अन् फडक्यासंगं हातही. तळहाताले मेण लावायचं अन् टेकायचं. दाबायचं नाही, पकडायचं नाही. घट्ट धरलं तर लाकूडही जळते अन् कातडीही. ढिलं सोडलं तर तू नसलेली बरी. अन् लाकूड तिथं पुरतं गोल आलं, आता एक केसही नको, हे हाताले आधी कळते, हत्याराले मंग. तेव्हा म्हणायचं, "बस." या घरात ते बस बायकांनीच म्हटलं. माह्या सासूनं, अनीसाबींनी म्हटलं, त्यांच्या सासूनं म्हटलं असेल. बाहेर पाटीवर मात्र 'इनायतुल्ला खरादी' एवढंच लिहिलेलं आहे. लिहू द्या. पाटीवर माहं नाव पाहिजे असं मले कधी वाटलं नाही. मधातली जागा माही होती, तेवढ्यात मी खूश होती.

लग्नाची मेंदी निघाली नव्हती तेव्हा सासूनं मले खाली बोलावलं अन् उजव्या हातातल्या सगळ्या बांगड्या उतरवल्या. डाव्या हातात भरगच्च, उजवा मोकळा. बाजूच्या दुर्गाबाईनं विचारलंच, "काहून वो, नवी नवरी अन् एक हात बोडका?" सासू म्हणाली, "एक हात नवऱ्याचा हाय, एक दुकानाचा." त्या दिवशी मशीनवर पलंगाचे खांब होते, मच्छरदानीचे, चार, मोर्शीच्या कोण्या संत्रावाल्याकडचे. सासरे वारलेले, हे नुकतेच मुख्य कारागीर झालेले, मिशी कशीबशी फुटलेली, अन् माह्याकडे पाहाची त्यांना लाज वाटायची. फिरत्या लाकडाले मी हात टेकवला अन् आग झाली. सागवान गरम होते हे मले कोणी सांगितलं नव्हतं. मी रडत होती, पण हात काढला नाही, कारण सासूनं आधीच दम दिला होता, "रडाचं तर रड. पण तू हात काढला की ह्याचं हत्यार लाकडात घुसते अन् लाकूड ह्याच्या तोंडावर येते." नवऱ्याचं तोंड मी तोवर धड पाहिलंही नव्हतं, अन् ते माह्या हातावर येऊन बसलं. रात्रीच्या पोळ्यांसाठी कणीक भिजवली होती, सासूनं तिच्यातच माहा हात दाबला. ती कणीक मंग आम्ही तशीच खाल्ली.

जिथं हात टेकतो तिथं कंगन काढता येत नाही. म्हणून आमच्या घरच्या लांब खांबांवर बरोबर मधात चार बोटं जागा सपाट राहते. वर कंगन, खाली कंगन, मधात काही नाही. गिऱ्हाइकांना वाटते नमुना आहे. लोक खूश होऊन म्हणतात, काय साधेपणा ठेवला! बाजारातल्या दुसऱ्या खराद्यांनी तो नमुना उचलला, ते बिचारे आता आखूड पायांवरही मधात चार बोटं सपाट सोडतात, जिथं कोणाच्या हाताचं काही कामच नाही. मी बाजारात असा पाय पाहिला की हसू येते. एकदा एका सोफ्याच्या दुकानात इतकी हसली की हे मले हाताले धरून बाहेर घेऊन आले.

तर या हप्त्यात जानराव आले. मोर्शीचे, संत्र्याचे बगीचे आहेत, पांढरा शर्ट, खिशात दोन मोबाईल. टेम्पोतून त्यांनी एक अख्खा खांब उतरवला अन् एक दोन तुकड्यांचा. "इनायतभाऊ, तुमच्याच दुकानचा माल हाय. माय आता माह्या पोराकडे, कुलदीपकडे राहाले आली, अमरावतीले, राजापेठेत फ्लॅट घेतला पोट्ट्यानं, तिसऱ्या माळ्यावर. लिफ्ट बंद होती, जिन्यातून नेला तर हमालानं वळणावर तोडला. आता माय म्हणते, तीन खांबाच्या पलंगावर मी झोपत नाही. खाली गादी टाकून निजते अन् साऱ्या घराले बोलते. मले सेम टू सेम एक खांब पायजे. माह्या मायले, मैनाबाईले फरक दिसला तं माही काही खैर नाही." हे म्हणाले, होऊन जाईल. मी माडीच्या पायरीवर उभी होती. तो अख्खा खांब मी लांबूनच ओळखला. जानराव गेल्यावर खाली येऊन मधातल्या सपाट जागेवर उजवा हात ठेवला. ती माह्याच हाताची जागा होती, कणकेत बुडवलेल्या, नव्या नवरीच्या हाताची. आता गाठी सुजल्या, हात रुंद झाला, करंगळी कंगनावर चढली. मी हात ठेवून उभी राहिली. लाकूड गार आहे की कोमट, गुळगुळीत आहे की खरबरीत, मले काहीच कळलं नाही.

हे कोणाले सांगितलं नव्हतं. आधी मुंग्या यायच्या, रात्री हात झटकून झोपायची. मंग मुंग्या बंद झाल्या अन् मले वाटलं बरं झालं, दुखणं गेलं. दुखणं नव्हतं गेलं, हातच गेला होता. रमजानच्या आधी एकदा सकाळी पोळी उलटवताना मले जळल्याचा वास आला, मी म्हटलं पोळी करपली, पाहते तर तवा माह्या तळहाताले लागलेला. पोळी चांगली होती. मी घाबरली. हात जळला म्हणून नाही. हा हात मेला हे यांना कळलं तर मले त्या बोळकांडीत कोण उभं करणार, ही भीती होती. हळद लावली, सुनेले सांगितलं वाफ लागली. अन् खाली गेली, हात टेकवला, अन् अंदाजानं बस म्हटलं. यांनी हत्यार उचललं, अंगठा फिरवला, अन् लाकूड उतरवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी मले उमगलं की मी अंदाजानं म्हणून राहिली नाही, मी ऐकून राहिली आहे. लाकूड उंचसखल असते तोवर हत्यार खडखड बोलते. गोल येत आलं की आवाज बारीक होत जाते, दळणाच्या शेवटी दाणे संपताना जातं बोलते तसा. अन् मंग एक घडी येते की आवाज असूनही नसल्यासारखा होते. तिथं बस. म्हणजे हात नुसता दाखवाले होता. कान काम करत होता अन् पगार हात खात होता. पण हे कोणाले सांगणार? कानाले त्या बोळकांडीत उभं राहाची गरज नसते. कान माडीवर बसूनही चालते. अन् माडीवर बसणाऱ्या बाईले कोणी काय विचारते ते मले मालूम आहे, भाजी काय करू अम्मी, एवढंच.

अन् अशात हे लोखंड. आमच्या घरात दुआ उर्दूत मागतात अन् भांडण वऱ्हाडीत होते, ते दोन-चार दिवस घरात उर्दू ऐकूच आली नाही. मी पोराले म्हटलं, तुह्या दालमिलचं भंगार तिकडंच ठेव. म्हटलं, पोळ्यांसाठीही चाकं लावून घे अन् मायले विकून टाक. तो गरीब गाय, ऐकून घेते. "अम्मी, तुह्याच आरामासाठी हाय." आराम! "आराम कबरीत करीन, तिथं कोणी स्टेडी लावत नाही." सून जेबा भोळी आहे, तिनं गांधी रोडवरून हिरव्या बांगड्या आणल्या, म्हणाली, "अम्मी, आता दोन्ही हातात घाला ना, छान दिसन." तिचं काय चुकलं? पण मी त्या बांगड्या तिच्या पुढ्यात सरकवल्या अन् म्हटलं, तूच घाल, मी मेल्यावर तर उतरवाच्याच आहेत. पोरगी रडली. मले वाईट वाटलं, पण सांगितलं नाही. रागाच्या भरात माणूस किती मूर्ख बोलते, अन् बोलताना किती बरं वाटते.

खोटं कशाले बोलू, लोखंडानं काम झकास केलं. हसनैननं निलगिरीचं रद्दी लाकूड चढवून करून दाखवलं. तीन चाकं लाकडाले अलगद टेकली, लाकूड फिरलं तशी तीही फिरू लागली, ना धूर ना चटका. मधात थरथर नाही. हे हत्यार घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले अन् परत आले, अन् तास उठला नाही. मी बोळकांडीच्या तोंडाशी उभी राहून पाहत होती अन् मनात म्हणत होती, अडक रे, एकदा अडक, चाक तुटू दे तुहं. नाही अडकलं. चाकांना फक्त दोन बोटं जागा लागते. हसनैन म्हणाला, "अब्बा, बाकीची दोन बोटं आता कंगनानं भरून टाका, माल भरगच्च दिसन." हे म्हणाले, "मैनाबाईचा पलंग हाय. चार बोटं म्हणजे चार बोटं." मले बरं वाटलं. मंग लगेच वाटलं, कोणाची चार बोटं? उद्या जेबाचं पोरगं आजाले विचारेल, दादा, इथं मधात सपाट काहून सोडलं, तर हे सांगतील नमुना आहे. अन् ते खोटंही नसेल.

काल जुम्म्याची नमाज झाल्यावर हसनैन मिलमध्ये गेला, जेबा माडीवर शिलाई मशीनवर कपडे शिवत होती, अन् यांनी मले खाली हाक मारली. मोर्शीवाल्यांचा खांब चढवलेला होता, जुनं सागवान, यांनी कुठून तरी एका जुन्या दरवाजातून मिळवलेलं. अजून चौकोनी कोपरे नुसते मोडलेले. स्टेडी बाजूले सरकवून ठेवलेली. बोळकांडी रिकामी होती. मले वाटलं, समजलं यांना! लोखंडावर भरवसा नाही राहिला! मी ओढणी कमरेले खोचून आत शिरली, इतकी घाईत की खुंटीले खांदा लागला. "मेण कुठं हाय?" मी विचारलं. "मेण नको. हात ठेव नुसता. माप घ्याचं हाय." जुना खांब पायाशीच पडलेला होता, कंपासही तिथंच, माप घ्याले माह्या हाताची काय गरज? पण हा विचार मले तेव्हा आला नाही, नंतर आला. तेव्हा मी हात ठेवला. "पेन्सिल बोटाच्या कडेले लागली की सांग, मंग हात काढ," हे म्हणाले, "अन् तोवर त्या जुन्या खांबाकडे पाह्य. खालून चौथं कंगन जाड हाय का बारीक, पाहून सांग मले." मी मान वळवली. म्हटलं, जाड आहे. अन् थांबली. करंगळीच्या कडेनं पेन्सिल फिराले किती वेळ लागते? माणूस वाकते, शिशाचं टोक टेकवते, ओढते. बाहेर शाळेची व्हॅन पोरं उतरवत होती, कोणाचा तरी डबा खाली पडला. एवढ्यात ओढून झाली असेल. "लागली," मी म्हटलं, अन् हात काढला.

वळून पाहते तर पेन्सिल यांच्या कानावरच होती.

हे पेन्सिलीकडे हातही नेऊन राहिले नव्हते. दोन्ही हात पोटाशी बांधून माह्याकडे पाहत होते. मले तिथून पळून जावं वाटलं, पण बोळकांडीतून निघाले यांच्याच बाजूनं वाट आहे. "कधीपासून?" यांनी विचारलं. "रमजानच्या आधीपासून." "मले मालूम हाय." "कसं?" यांनी कानावरची पेन्सिल काढली, उगाच पाहिली, पुन्हा ठेवली. "तो शाळेच्या झेंड्याचा दांडा केला ना मागं, तेव्हा लाकडाले तुही कातडी लागलती. धूर निघून राहिला होता. तू उभीच. मले वाटलं आता काढशीन, मंग काढशीन. शेवटी मीच मशीन बंद केली अन् म्हटलं मोटारीचा पट्टा घसरला." मले तो दिवस आठवला. पट्टा पाहाले हे खाली वाकले होते अन् बराच वेळ वर आले नव्हते.

"मंग बोलले काहून नाही?" माहा आवाज चढला. "तू बोलली का?" हे म्हणाले. "मी बाई हाय, मी लपवीन! तुमी काहून लपवलं? अन् वरून पोराच्या हातून लोखंड आणलं! मी त्या लेकराले इतके दिवस तोंडाले येईल ते बोलून राहिली, त्याच्या बायकोले रडवलं, अन् तुमी स्टुलावर बसून धार लावून राहिले!" "त्यालेच म्हटलं मी, तुह्या नावावर घे. माह्यावर चिडली असती तर ताट वाढलं नसतं." असं म्हणून हा माणूस हसला. मले इतका राग आला की मी रडाले लागली, मशीनच्या पट्ट्यावर डोकं टेकवून, सासूनं रडाची मुभा दिली होती तशी, मोठ्यानं. वर जेबाची शिलाई मशीन थांबली अन् पुन्हा सुरू झाली. यांनी माहा उजवा हात घेतला अन् तळव्यावर अंगठा फिरवला, लाकूड तपासतात तसा. तो अंगठा मले फक्त दिसला. "सोमवारी दवाखान्यात जाऊ," हे म्हणाले. "नस दबली असन. खुलते म्हणतात कधी कधी." मी म्हटलं, "अन् नाही खुलली तं?" हे म्हणाले, "तं नाही खुलली."

मंग यांनी जे विचारलं ते मले वाटते यांना कितीतरी दिवस विचारायचं होतं. "एक सांग. हात मेला, मंग तुहं बस कुठून येऊन राहिलं? एक डाव चुकलं नाही. म्हणून तं मले समजाले इतका वेळ लागला." मी नाक पुसलं. सांगितलं, कानातून. यांनी असं पाहिलं जसं मी दुसऱ्याच्या घरची गोष्ट सांगून राहिली. आपल्या खरादाचा आवाज यांनी जन्मभर ऐकला, पण हत्यारामागं उभ्या माणसाले हत्यार कानाशी इतकं ओरडते की त्याले बारीक काही ऐकू येत नसावं. "बरं," एवढंच म्हणाले, अन् स्टेडी सरकवून मधात आणली, बोल्ट कसले, तीन चाकं एकेक करून लाकडाले टेकवली. जुन्या खांबावर कंपास लावून चार बोटांचं माप घेतलं अन् दोन रेघा मारल्या. या वेळी पेन्सिल खरोखर फिरली.

मी बोळकांडीतून बाहेर निघाली. कुठं उभं राहावं कळेना. या बाजूनं मी कधी उभीच राहिली नव्हती, इकडून दुकान वेगळंच दिसते, रस्ता दिसते, पाटीची मागची बाजू दिसते. हातांचं काय करावं कळेना, म्हणून मी ते काखेत दाबून ठेवले. यांनी मशीन चालू केली. कोपरे उडाले, भुसा पायावर आला, लाकूड खडखड बोलू लागलं. हे हत्यार सरकवत सरकवत मधाजवळ आले, जिथं सपाट जागा ठेवायची होती तिथं. आवाज बारीक झाला. आणखी बारीक. मी गप्प उभी होती. लोखंड ठेवलं आहे ना, लोखंडानं सांगावं. आवाज असून नसल्यासारखा झाला. आता हे उचलतील, मी मनात म्हटलं. यांनी उचललं नाही. हत्यार तिथंच, केसासारखा भुसा निघून राहिला, अन् हे लाकडाकडे पाहूनच राहिले नव्हते, समोर भिंतीकडे पाहून राहिले होते, जिथं मी नव्हती. आणखी एक फेर झाला असता तर हा खांब त्या तीन जुन्या खांबांपेक्षा बारीक झाला असता, मैनाबाईनं पाहिल्याबरोबर ओळखला असता, अन् जुन्या दरवाजाचं तेवढं सागवान दुसरं मिळणार नव्हतं.

"बस!" मी ओरडली.

यांनी हत्यार उचललं. मशीन बंद केली, लाकूड थांबेपर्यंत थांबले, अंगठा फिरवला, मंग जुन्या खांबावर फिरवला, मंग पुन्हा नव्यावर.

"किती उशीर लावला वो आज," हे म्हणाले.